सर्व्हर रूम शिफ्टिंग, सांगली : चार स्टार, आणि पाचवा हमाल मामांचा

आधीच सांगतो. चार स्टार देतोय, पण यांच्या बिलातले अठरा हजार अजून अडवून ठेवलेत. ते प्रकरण शेवटी येईलच. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्यात आणि सांगली एवढीशी. उद्या हरभट रोडला समोरासमोर गाठ पडायची. सर्व्हर रूम एका जागेवरून दुसरीकडे हलवून देणारे सांगली-मिरजेत मोजकेच आहेत. ज्याला गरज आहे त्याला दोन फोनमध्ये सापडतील.

मी एका पतसंस्थेचा संगणक विभाग बघतो, तेवीस वर्षं झाली. मुख्य कार्यालय गावभागात, शाखा एकोणीस, तासगाव-पलूसपासून पार जतपर्यंत. विभागात माझ्यासकट पाच माणसं : नेटवर्क बघणारा, डेटाबेस बघणारी, दिवसभर शाखांचे फोन उचलणारा, आणि एक धाकटा, दीड वर्षापूर्वी डिप्लोमा करून आलेला. सर्व्हर रूम तळमजल्यावर. का, तर पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो तिथं ठेवला आणि पुढचे त्याच्या शेजारी ठेवत गेलो.

नदीकाठचा तळमजला म्हणजे काय हे सांगलीकराला समजावायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या चौकात पाणी दिसायला लागलं त्या रात्री आम्ही सर्व्हर चादरीत गुंडाळून जिन्यानं वर नेले. एकाही वायरीला चिठ्ठी नाही. कुठली डिस्क कुठल्या खाच्यातली, कुणी लिहिलं नाही. मशीनं वाचली खरी, पण ती परत जोडून सगळ्या शाखा सुरू व्हायला अकरा दिवस गेले, आणि त्या अकरा दिवसांत मी पोरांवर एवढा ओरडलो की दिवाळीच्या आधी दोघांनी राजीनामे दिले. एक पुण्याला गेला. दुसरा इथंच आहे, मी दिसलो की रस्ता बदलतो. २०२१ च्या जुलैत पाणी परत पन्नाशी ओलांडून गेलं, परत उचलाउचल. शेवटी संचालक मंडळानं विश्रामबागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली, तेव्हा मी एवढंच म्हटलं की हलवायचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं. का, ते तिथं बोललो नाही.

तीन कोटेशनं मागवली. दोघांनी पहिल्याच फोनवर विचारलं, सर्व्हर किती आणि अंतर किती. सात सर्व्हर, एक स्टोरेज, पाच किलोमीटर. यातल्या एकानं तर टेम्पोचं भाडं वेगळं की धरून, एवढंच विचारायचं बाकी ठेवलं होतं. तिसरे हे. यांच्या मॅडम स्वतः आल्या, तिशीच्या असतील, चहा नको म्हणाल्या आणि विचारलं, ''सकाळी या सिस्टीमला सगळ्यात आधी हात कोण लावतं?''

मी म्हटलं, कॅशिअर. सव्वादहाला.

डेटाबेसवाली म्हणाली, ''नाही सर. पिग्मीवाले. साडेसातपासून.''

आता पिग्मीवाल्यांना सर्व्हरच्या मीटिंगला कोण बोलावतं? मॅडमनी बोलावलं. गणपती पेठेत आणि भाजी मंडईत वीस वर्षं पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करणाऱ्या आमच्या काकू आल्या. पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मशीन काढलं, रबर बँड सोडला आणि टेबलावर ठेवलं. मॅडमनी सेटिंग उघडायला सांगितलं. छोट्या पिवळट स्क्रीनवर आमच्या जुन्या लाइनचा आयपी नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, जसाच्या तसा टाइप केलेला. बदलायला गेलो तर पासवर्ड. पासवर्ड मशीन देणाऱ्या कंपनीकडे, आणि ती कंपनी गाशा गुंडाळून चार वर्षं झालेली. अशी चौसष्ट मशीनं. हे कळलं नसतं तर सोमवारी सकाळी साडेसातला चौसष्ट माणसं बाजारात हात हलवत उभी, आणि प्रत्येकाचा फोन आमच्याकडे.

उपाय साधा निघाला. जुन्या इमारतीतली लाइन लगेच तोडायची नाही. तिथं एक लहान फायरवॉल (लाइनवरची ये-जा बघणारा डबा) ठेवायचा आणि जुन्या नंबरवर येणारं सगळं त्यानं नव्या जागी ढकलायचं. तोवर नवीन मशीनं घ्यायची. आमच्या मोबाइल ॲपचा पत्ता नावानं शोधला जातो, आकड्यानं नाही, त्यामुळे तिथं वेगळी काळजी : जगभरचे सर्व्हर तो पत्ता जेवढा वेळ लक्षात ठेवतात तो वेळ आमच्याकडे एक दिवसाचा होता, तो चार दिवस आधीच पाच मिनिटांवर आणला. नाहीतर आपण घर बदलतो आणि टपाल दिवसभर जुन्याच दारात पडत राहतं.

तारीख ठरवायचा दिवस मला आठवतो. मी म्हटलं होतं डिसेंबरचा दुसरा शनिवार. मॅडमनी भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, टेबलावर पसरलं आणि लाल पेन आमच्या पोरांच्या हातात दिलं. म्हणाल्या, घरचं काय काय आहे ते लिहा. नेटवर्कवाल्याच्या बहिणीचं लग्न नेमकं त्याच शनिवारी. त्यानं मला सांगितलंच नव्हतं! ''सांगून काय उपयोग सर, काम तर करायलाच लागलं असतं,'' म्हणाला. डेटाबेसवालीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला, जानेवारीच्या शेवटी. धाकट्याची डिग्रीची परीक्षा. संस्थेच्या बाजूनं मार्च नाही, कारण वर्षअखेर. जून ते सप्टेंबर नाही, कारण नदी. दिवाळीच्या तोंडावर नाही, कारण ठेवी. लाल शाईतून जी जागा उरली ती जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारची. ते पान अजून माझ्या कपाटात आहे.

पुढचं काम मला आधी फुकटचं वाटलं होतं. हलवायच्या तीन आठवडे आधी मॅडमनी जुन्याच जागी, हलवायच्या पाचांपैकी प्रत्येक सर्व्हर एकदा बंद करून चालू करायला लावला. मी नको म्हणत होतो. चालतंय त्याला कशाला हात लावायचा? त्यांचं म्हणणं, जो सर्व्हर सहा वर्षं बंदच झाला नाही तो बंद केल्यावर उठेल का हे इथं कळलेलं बरं, तिथं रात्री तीनला कळण्यापेक्षा. बॅकअप तपासून घेतला आणि एकेक बंद केला. चार उठले. सह्यांचे नमुने ठेवलेला पाचवा उठला तो तारीख २००९ ची घेऊन, कारण बोर्डावरचा सेल संपलेला; आणि त्याची एक डिस्क फिरेचना, कानाला लावली तर नुसतं टक टक. डिस्क दुसरी मिळाली. सेल म्हणजे नाण्याएवढा सीआर २०३२. धाकटा मारुती रोडच्या एका घड्याळवाल्याकडून घेऊन आला. तेवढ्याशा सेलपायी सोमवारी एकोणीस शाखांत एकही सही पडताळता आली नसती.

आणि बॅकअप तपासताना माझंच पितळ उघडं पडलं. रोज रात्री सह्यांच्या सर्व्हरचा बॅकअप होतो, सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण दिसते, मी रजिस्टरवर सही करतो. मॅडमनी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडायला सांगितला. फोल्डर रिकामं. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी मूळ फोल्डरचं नाव बदललं होतं, तेव्हापासून आम्ही रोज इमानेइतबारे रिकामी पेटी कुलूपबंद करत होतो. फाइलचा आकार रोज अगदी तेवढाच असायचा, आणि त्यावर रोज माझी सही. मी पोरांकडे बघितलं, पोरं जमिनीकडे. मॅडम म्हणाल्या, ''बरं झालं आज सापडलं, आता नवीन घेऊ,'' आणि पुढच्या कागदावर गेल्या. दोन दिवसांनी चेअरमनसाहेबांसमोर प्रगतीचा अहवाल वाचताना ही गोष्ट कशी सांगतात म्हणून मी कान टवकारून बसलो होतो. ''सर्व बॅकअप उघडून तपासले, त्रुटी दुरुस्त केल्या,'' एवढंच. तो अहवाल खोटा नव्हता. माझी झाकली मूठ राहिली.

आता तक्रारी, कारण मध्येच त्या आठवायला लागल्यात.

नवीन रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायचं लोखंडी कपाट. ४२ यू चा, म्हणजे ४२ खणांचा, चाकांसकट पावणेसात फुटांच्या आसपास. यांच्या माणसानं सर्व्हर रूमचं दार मोजलं, पॅसेज मोजला, लिफ्टचं दार मोजायला विसरला. ते साडेसहा फुटी. रॅक खाली, आम्ही वर, आणि यांचा माणूस लिफ्टच्या दारात टेप धरून उभा, जणू परत मोजलं की दार वाढेल. आडवा करून बसतोय का बघितलं, लिफ्टची खोली पुरेना. शेवटी आमच्या शिपायानं मार्केट यार्डातून हमाल आणले. हळदीची पोती वाहणारे चौघे, सगळ्यात मोठ्या मामांचं वय साठीच्या पुढं. त्यांनी रॅकभोवती एक चक्कर मारली, दारं आणि बाजूचे पत्रे उतरवायला लावले, पोटात दोरखंड घातला, जिन्याच्या वळणावर खाली पोतं अंथरलं. ''ह्यात काय हाय आत?'' ''अजून काही नाही मामा.'' ''मग एवढं जपून कशाला म्हनताय?'' असं म्हणत चाळीस मिनिटांत दुसऱ्या मजल्यावर. एक ओरखडा नाही. नव्या कोऱ्या सर्व्हर रूमला दोन दिवस हळदीचा वास होता आणि रॅकच्या चौकटीवर चार पिवळी बोटं. ती आम्ही पुसली नाहीत. मजुरी मात्र माझ्या खिशातून गेली, आणि ती यांच्या बिलातून वजा करून घ्यायला मला तीन मेल करावे लागले.

अर्थिंगवाला दोन वेळा आलाच नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर सात व्होल्ट दाखवत होता. दोनच्या आत पाहिजे, नाहीतर पॉवर सप्लाय कधी कुरकुर करतील सांगता येत नाही. तिसऱ्यांदा आला, मीठ-कोळसा घालून नवीन खड्डा केला तेव्हा आकडा खाली आला. एसीचं इनडोअर युनिट नकाशात बरोबर रॅकच्या डोक्यावर दाखवलं होतं. ''पाणी ठिबाकलं तर?'' हे आमच्या शिपायानं विचारलं, इंजिनिअरनं नाही. आणि हस्तांतराची कागदपत्रं शहाऐंशी पानांची, सगळी इंग्रजीत, अर्धी मशीननं काढलेले तक्ते. मी म्हटलं, रात्री दोनला ही कोण वाचणार? तेव्हा मॅडमनी चार पानं मराठीत हातानं लिहून दिली : आधी काय चालू करायचं, मग काय, कुठला दिवा हिरवा झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. ती रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहेत. शहाऐंशी पानं कपाटात.

प्रत्यक्ष हलवायचा दिवस, खरं सांगायचं तर, कंटाळवाणा गेला. तो तसा जावा म्हणूनच पैसे मोजले होते. मुख्य हिशेबासाठी दोन नवीन सर्व्हर आठवडाभर आधीच नव्या जागी बसले होते. त्यांच्यावर आदल्या शनिवारचा डेटा चढवून आम्ही डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, करून बघितला होता आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, काढली होती. पहिल्या खेपेला सत्तावीस पैशांचा फरक! डेटाबेसवालीला दीड दिवस झोप नाही. व्याजाच्या पूर्णांकाची एक सेटिंग नव्या सर्व्हरवर वेगळी होती. ती सापडली तेव्हा मॅडमनी तिला घरी पाठवलं, दुपारी एक वाजता. मी विचारलं रजा कुठली टाकायची, तर म्हणाल्या, ''सर, ते तुम्ही बघा, मी फक्त रिक्षा बोलावली.''

शनिवारी संध्याकाळी सातला डे-एंड, शेवटचा बॅकअप, साडेनऊपर्यंत तो नव्या जागी. मग पाच जुने सर्व्हर उतरवायचे. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी, प्रत्येक डिस्कवर खाच्याचा नंबर मार्करनं, आणि उतरवण्याआधी मागून-पुढून फोटो. डिस्का वेगळ्या फोमच्या पेटीत गेल्या, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, धाकट्याच्या मांडीवर. टेम्पो ताशी वीसनं शंभर फुटी रोडवरून, मागून आम्ही. रस्त्यावर वरातीसारखं वाटत होतं, फक्त बँड नाही.

परत फिरायची वेळ कागदावर लिहिलेली होती : रविवारी दुपारी दोन. तोपर्यंत तेरीज जुळली नाही तर काही न बोलता जुने सर्व्हर चालू करायचे आणि महिनाभरानं परत प्रयत्न. जुने दोन मुख्य सर्व्हर त्यासाठीच पंधरा दिवस हलवले नाहीत. ही वेळ सोमवारच्या आधीच का, तर सोमवारी पहिली एंट्री पडली की परतीची वाट बंद; मग दोन ठिकाणी दोन हिशेब. निर्णय कोण घेणार तेही लिहिलेलं, आणि तो मी नव्हतो. डेटाबेसवाली. तिनं नाही म्हटलं तर चेअरमननीही हो म्हणायचं नाही, यावर चेअरमनसाहेबांची सही आधीच घेतलेली.

माझं काम काय होतं? पॅसेजमध्ये खुर्ची. मॅडम म्हणाल्या, ''सर, तुमचं काम दाराबाहेर. संचालकांचे सगळे फोन तुम्ही घ्यायचे, आत एकही फोन वाजायला नको. आणि दर दोन तासांनी ग्रुपवर एक मेसेज, झालं असो वा नसो.'' साडेअकराला पहिला फोन, ''किती टक्के झालं?'' साडेबाराला दुसरा. मी बाहेर बसून टक्केवाऱ्या सांगत होतो. आत कोण केव्हा झोपणार याचा तक्ता दारावर होता. आठ तासांपुढं कुणी थांबायचं नाही. नेटवर्कवाला दोनला बाजूच्या खोलीत गादीवर आडवा झाला तर मला बघवेना, उठून आत जायला निघालो. दारात मॅडमनी भडंगाचं ताट हातात दिलं आणि परत खुर्चीवर बसवलं. कांदा-लिंबू वेगळं आणलेलं. आमच्याकडे रात्रीच्या कामाला पिझ्झा मागवायची पद्धत नाही, आणि थंड झालेला पिझ्झा तीन वाजता कुणाला खाववतो?

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तेरीज जुळली, पैशासकट. डेटाबेसवाली दारात आली, ''सर, आत या,'' म्हणाली. सोमवारी साडेसातला काकूंचा फोन आला. उचलताना हात जड झाला. ''मशीन चालतंय म्हणून सांगायला केला,'' म्हणाल्या.

खुर्चीचं कोडं पुढच्या आठवड्यात सुटलं. धाकटा बोलघेवडा आहे, चहाच्या गाड्यावर बोलून गेला. काम घेतल्यावर मॅडमनी आमच्या चौघांना वेगवेगळं, माझ्या अपरोक्ष, दहा-दहा मिनिटं विचारलं होतं की काय झालं तर तुमचा हात कापतो. वीज गेली तर, डिस्क उडाली तर, असं काहीतरी उत्तर येईल असं मला वाटलं असतं. चौघांपैकी तिघांनी एकच सांगितलं : सर मागं येऊन उभे राहिले की. धाकटा हे सांगून जीभ चावून बसला. मी दोन्ही चहाचे पैसे दिले.

मॅडमनी ते मला कधी सांगितलं नाही, अहवालातही नाही. नेटवर्कवाला २०१९ च्या टीममधला एकटा उरलेला. शनिवारी जायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं, ''सर, रात्री तुम्ही कुठं असणार?'' तेव्हा मला वाटलं, काही अडलं तर विचारायला लागेल म्हणून विचारतोय.

दर काय घेतला, हा प्रश्न येईलच. साडेचार लाख, वर १८ टक्के जीएसटी. सर्व्हर, रॅक, एसी वेगळे. दुसऱ्या दोघांपेक्षा जवळपास लाखभर जास्त. सामानाचा वाहतूक विमा त्यांनी काढला, पण आम्ही मागितल्यावर. तुम्ही आधीच लिहून घ्या. लिफ्टचं दार स्वतः मोजा. आणि त्याच मॅडम येणार का हे विचारून घ्या, कारण त्यांच्या दुसऱ्या माणसानं आमच्या समोरच फोनवर एका गिऱ्हाइकाला विचारलेलं मी ऐकलंय : सर्व्हर किती, अंतर किती.

राहिले अठरा हजार. बिलात एक ओळ आहे, शनिवार रात्रीचा स्टँडबाय इंजिनिअर. कोटेशनमध्ये ती नव्हती. हा इंजिनिअर कोल्हापुरात घरी होता आणि रात्रभर त्याला एकही फोन करावा लागला नाही. त्यांचं म्हणणं, तो लागला नाही हेच तर काम नीट झाल्याचं लक्षण. आमचे अंतर्गत हिशेब तपासनीस विचारतात, जो आलाच नाही त्याची हजेरी कुठल्या रजिस्टरला दाखवू? पत्रव्यवहार चालू आहे.